अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा निकाल नेमका कोणत्या लढाईत लागला?

इतिहासवेडी

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाबद्दल शाळेत आपण जे शिकलो, ते चार ओळींत संपते. बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडवल्या, १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टनला गोळीबार झाला, १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला आणि १७८१ साली यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला. मधली सहा वर्षे जणू घडलीच नाहीत. गेले काही महिने मी या युद्धातल्या लढायांविषयी सलग वाचत आहे, आणि या युद्धाचा निकाल यॉर्कटाउनला नव्हे, तर त्याच्या चार वर्षे आधी सॅराटोगाला लागला, असे माझे ठाम मत झाले आहे.

१७७७ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश जनरल बर्गॉइन कॅनडातून मोठी फौज घेऊन दक्षिणेकडे निघाला. हडसन नदीचे खोरे ताब्यात घ्यायचे आणि न्यू इंग्लंडच्या वसाहती उरलेल्या वसाहतींपासून तोडायच्या, असा बेत होता. जुलैच्या सुरुवातीला टायकॉन्डेरोगाचा किल्ला जवळजवळ न लढताच त्याच्या हाती आला आणि लंडनमध्ये आनंदीआनंद झाला. पुढे मात्र जंगल लागले. माघार घेणाऱ्या अमेरिकनांनी झाडे आडवी पाडून आणि पूल मोडून वाट अडवली होती, तोफा आणि सामानाचे गाडे ओढताना बैल व घोडे थकत होते आणि रसद कॅनडाहून येत असल्यामुळे प्रत्येक मैलागणिक ती दूर जात होती. धान्य आणि घोडे मिळवण्यासाठी बेनिंग्टनकडे पाठवलेली तुकडी १६ ऑगस्टला जवळजवळ संपूर्ण बुडाली. त्यानंतर १९ सप्टेंबरला फ्रीमनच्या शेतावर आणि ७ ऑक्टोबरला बेमिस हाइट्सपाशी लढाई झाली आणि १७ ऑक्टोबर १७७७ रोजी बर्गॉइनने पाच हजारांहून अधिक सैनिकांसह शस्त्रे खाली ठेवली.

एक संपूर्ण ब्रिटिश फौज शेतकऱ्यांच्या देशात शरण आली, ही बातमी डिसेंबरात पॅरिसला पोहोचली आणि ६ फेब्रुवारी १७७८ रोजी फ्रान्सने अमेरिकेशी तह केला. तिथून हे युद्ध वसाहतीतले बंड राहिले नाही, जगभराचे युद्ध झाले. जाणकारांनी यावर प्रकाश टाकावा. सॅराटोगापेक्षा निर्णायक अशी दुसरी लढाई कोणाला वाटते का, आणि का?

जिज्ञासू_क

धागा आवडला, वाचनखूण साठवली आहे. एक शंका आहे. बर्गॉइन उत्तरेकडून येत असताना न्यूयॉर्कमध्ये जनरल हाउची मोठी फौज होती. ती वर सरकून त्याला का मिळाली नाही?

इतिहासवेडी

@जिज्ञासू_क, या मोहिमेतला हा सर्वात मोठा घोळ आहे. हाउला बंडखोरांची राजधानी फिलाडेल्फिया घ्यायची होती. लंडनमध्ये बसलेल्या वसाहतमंत्री लॉर्ड जर्मेनने बर्गॉइनची योजनाही मंजूर केली आणि हाउचीही केली; फिलाडेल्फिया घेऊन हाउ वेळेत मोकळा होईल, असे त्याने गृहीत धरले. पत्राला अटलांटिक ओलांडायलाच दीड-दोन महिने लागत असल्यामुळे चूक उमगेपर्यंत ती दुरुस्त करण्याची वेळ निघून गेलेली असे. हाउ समुद्रमार्गे गेला, ११ सप्टेंबरला ब्रँडीवाइनला त्याने वॉशिंग्टनला हरवले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस फिलाडेल्फियाही घेतले. राजधानी पडली, पण काँग्रेस, म्हणजे बंडखोर वसाहतींची प्रतिनिधिसभा, आधीच दुसऱ्या गावी गेली होती आणि तिचे काम चालू राहिले. तिकडे बर्गॉइन एकटा पडला. न्यूयॉर्कहून ब्रिटिश जनरल क्लिंटनने थोडी फौज घेऊन हडसनच्या काठचे दोन किल्ले घेतले खरे, पण ते ऑक्टोबरात, आणि तेवढ्याने बर्गॉइनची सुटका होणार नव्हती.

नदीकिनारी

मी न्यू जर्सीत डेलावेअर नदीपासून जवळ राहते, त्यामुळे माझे मत ट्रेंटनकडे झुकणार हे उघड आहे. तरी ते केवळ शेजारधर्माचे मत नाही, हे मांडण्याचा प्रयत्न करते.

सॅराटोगा होण्यासाठी आधी १७७७ साल उजाडायला हवे होते. १७७६ च्या डिसेंबरात ते उजाडेल की नाही, अशीच स्थिती होती. २७ ऑगस्टला लाँग आयलंडवर हाउने वॉशिंग्टनला बगलेतून गाठले आणि त्याची फौज नदीला पाठ लावून अडकली. धुक्याचा आधार घेऊन एका रात्रीत सुमारे नऊ हजार माणसे होड्यांतून पलीकडे नेली गेली नसती, तर युद्ध तिथेच संपले असते. नोव्हेंबरात फोर्ट वॉशिंग्टन पडला आणि अडीच हजारांहून अधिक माणसे कैद झाली. उरलेली फौज न्यू जर्सीतून पळत पळत डेलावेअरपलीकडे गेली. त्यातही बहुतेकांच्या नोकरीची मुदत ३१ डिसेंबरला संपणार होती. म्हणजे शत्रूने काहीही केले नसते, तरी १ जानेवारीला सेना विरघळलीच असती.

अशा वेळी नाताळच्या रात्री वॉशिंग्टनने २४०० माणसे आणि १८ तोफा घेऊन बर्फाचे तुकडे वाहणारी नदी ओलांडली. आमच्याकडे दर नाताळात नदीकाठी त्या प्रसंगाचा देखावा करतात. पाण्याची पातळी आणि वारा अनुकूल नसेल, तर होड्या काठालाच राहतात. उजेडी, दिवसा, जाड कपड्यांतही त्या काठावर फार वेळ उभे राहवत नाही. त्या रात्री गारांचा मारा चालू होता, अनेकांच्या पायांत धड जोडे नव्हते आणि नदी ओलांडल्यावर नऊ मैल चालायचे होते. वाटेत दोन माणसे गारठून मेली. आणखी दोन तुकड्या दुसऱ्या ठिकाणांहून पलीकडे यायच्या होत्या, त्यांना ते जमलेच नाही.

सकाळी ट्रेंटनमध्ये जे घडले, त्यात तोफांचे काम मोठे होते. दारू भिजल्यामुळे बंदुका धड उडत नव्हत्या. हेन्री नॉक्सने गावातल्या दोन मुख्य रस्त्यांच्या वरच्या टोकाला तोफा लावल्या आणि हेशियन सैनिक (इंग्रजांनी भाड्याने आणलेले जर्मन) घरांतून बाहेर पडून रांगा धरू लागले की त्या रांगांवरच मारा होऊ लागला. त्यांचा कर्नल राल जखमी होऊन मेला आणि सुमारे नऊशे माणसे कैद झाली. त्यानंतर दहा डॉलर बक्षीस देऊन आणखी सहा आठवडे राहायला सैनिकांना राजी केले गेले आणि ३ जानेवारीला प्रिन्स्टनला दुसरा विजय मिळाला. आकड्यांनी पाहिले तर या चकमकी आहेत. पण त्या झाल्या नसत्या, तर बर्गॉइनला अडवायला सेनाच उरली नसती.

तोफखाना

नदीकिनारी ताईंच्या प्रतिसादाशी बव्हंशी सहमत आहे, पण एक दुरुस्ती सुचवतो. सॅराटोगाला लढलेली फौज उत्तर विभागाची होती. वॉशिंग्टनची मुख्य सेना त्या वेळी पेनसिल्वेनियात होती. त्याने डॅनिएल मॉर्गनच्या रायफलधारी तुकडीसारखी निवडक माणसे मात्र उत्तरेला पाठवली. बेनिंग्टनला जॉन स्टार्कने जिंकले, ते न्यू हॅम्पशरच्या मिलिशियाच्या, आपल्या जुन्या भाषेत शिबंदीच्या, बळावर. त्यामुळे ट्रेंटन नसते तर सॅराटोगा झालेच नसते, असे सरळ म्हणता येणार नाही. ट्रेंटनमुळे काँग्रेसची आणि लोकांची हिंमत टिकली, एवढे निश्चित.

मी आयुष्यभर तोफखान्यात नोकरी केली, म्हणून नॉक्सविषयी थोडे लिहितो. हा माणूस मूळचा बोस्टनचा पुस्तकविक्रेता. तोफखान्याचे शास्त्र त्याने दुकानातल्या पुस्तकांतून आत्मसात केले. १७७५-७६ च्या हिवाळ्यात त्याने टायकॉन्डेरोगाहून साठेक तोफा बैल लावलेल्या घसरगाड्यांवरून, गोठलेल्या नद्या आणि डोंगर ओलांडून बोस्टनपर्यंत आणल्या. ४ मार्चच्या रात्रीत त्यातल्या काही डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर चढवल्या गेल्या. जमीन गोठलेली होती, खंदक खणणे अशक्य होते, म्हणून लाकडी चौकटी आणि फांद्यांच्या मोळ्या आधीच तयार करून नेल्या होत्या. सकाळी इंग्रजांनी पाहिले तेव्हा बंदर आणि शहर दोन्ही तोफांच्या टप्प्यात आले होते, आणि १७ मार्च १७७६ रोजी ते बोस्टन सोडून गेले. मोठी लढाई न होता एक शहर सुटले. निर्णायक लढायांच्या यादीत अशा प्रसंगाला जागा मिळत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

त्याच्या आधीच्या जूनमध्ये बंकर हिल झाली होती (प्रत्यक्ष लढाई शेजारच्या ब्रीड्स हिलवर झाली). अमेरिकनांची दारू संपली म्हणून टेकडी इंग्रजांना मिळाली, पण तीन वेळा चढाई करताना त्यांचे हजाराहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले, आणि त्यांत अधिकाऱ्यांचे प्रमाण फार मोठे होते. त्या दिवशी चढाईचे नेतृत्व करणारा हाउ पुढे तयार मोर्चांवर समोरून चाल करायला कचरत असे, असे अनेकांनी मानले आहे. हे खरे असेल, तर हरलेल्या बंकर हिलचा परिणाम न्यूयॉर्कच्या मोहिमेतही दिसतो.

ओवी

सॅराटोगाबद्दल एक राहिले. ७ ऑक्टोबरच्या लढाईत निर्णायक धडक बेनेडिक्ट आर्नोल्डने मारली. सेनापती गेट्सशी भांडण झाल्यामुळे त्याच्याकडे अधिकार उरला नव्हता, तरी तो घोड्यावर बसून लढाईत घुसला आणि जर्मन सैनिकांचा मोर्चा फोडताना पायाला गोळी लागून पडला. पुढे १७८० साली तो फितूर झाला आणि वेस्ट पॉइंट इंग्रजांना देण्याचा कट उघडकीला आला. सॅराटोगाच्या रणभूमीवर त्याच्या त्या पायाचे स्मारक आहे: दगडात कोरलेला एक बूट. त्यावरच्या लेखात पराक्रमाचे वर्णन आहे, नाव मात्र नाही. मी ते पाहिले आहे आणि त्यासमोर बराच वेळ उभी होते. एवढा न्याय आणि एवढी शिक्षा एकाच दगडात केलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पाइनवृक्ष

इथपर्यंत सगळी चर्चा उत्तरेतली झाली, म्हणून दक्षिणेची बाजू मांडतो. मी नॉर्थ कॅरोलिनात राहतो आणि गिलफर्ड कोर्टहाउसचे रणांगण माझ्या नेहमीच्या फिरण्याच्या वाटेवर आहे.

सॅराटोगाने युद्ध संपले नाही, हे आधी लक्षात घ्यावे. त्यानंतर इंग्रजांनी डाव बदलला. दक्षिणेत राजनिष्ठ लोक पुष्कळ आहेत, त्यांना हाताशी धरून एकेक वसाहत परत घेता येईल, असा त्यांचा हिशोब होता, आणि दोन वर्षे तो बरोबर ठरत होता. १७७८ च्या अखेरीस सव्हाना घेतले. १२ मे १७८० रोजी चार्ल्सटन पडले आणि जनरल लिंकन सुमारे पाच हजार माणसांसह शरण आला. अमेरिकनांचा या युद्धातला हा सर्वात मोठा पराभव. त्याच ऑगस्टात कॅम्डेनला गेट्सची, म्हणजे सॅराटोगाच्याच विजेत्याची, फौज धुळीला मिळाली. सॅराटोगाने निकाल लागला असता, तर १७८० साली अशी अवस्था का झाली असती?

वळण ७ ऑक्टोबर १७८० रोजी किंग्ज माउंटनला आले. तिथे डोंगरापलीकडून आलेल्या वसाहतकऱ्यांनी फर्ग्युसनची राजनिष्ठांची संपूर्ण तुकडी मारली किंवा पकडली. दोन्हीकडचे जवळजवळ सगळे अमेरिकन होते; फर्ग्युसन स्वतः तेवढा ब्रिटिश. राजनिष्ठांना राजाचे सैन्य वाचवू शकत नाही, हे त्या दिवशी साऱ्या मुलखाने पाहिले आणि त्यानंतर त्या बाजूची भरती आटली.

मग १७ जानेवारी १७८१ ला काउपेन्स. डॅनिएल मॉर्गनला आपली शिबंदी संगिनींसमोर टिकणार नाही, हे पक्के माहीत होते. म्हणून त्याने तिला टिकायला सांगितलेच नाही. दोन बार काढा, अधिकाऱ्यांवर नेम धरा आणि मागे या, एवढेच सांगितले. आदल्या रात्री तो शेकोटीशेकोटीपाशी जाऊन पोरांशी बोलला आणि तरुणपणी इंग्रजांच्या फटक्यांनी पाठीवर उठलेले वळ त्याने त्यांना दाखवले. सकाळी शिबंदी ठरल्याप्रमाणे मागे आली, ब्रिटिश सेनानी टार्लटनला वाटले शत्रू पळाला, आणि त्याचे सैनिक रांगा मोडून धावत सुटले ते उतारापलीकडे उभ्या असलेल्या कसलेल्या पलटणीवर जाऊन आदळले. मागे गेलेली शिबंदी टेकडीला वळसा घालून बगलेवर आली, दुसऱ्या बाजूने घोडदळ आले. तासाभरात टार्लटनची बहुतेक फौज संपली. ज्या माणसांचा दुबळेपणा माहीत आहे, त्यांना त्या दुबळेपणासकट कामाला लावणे ही सेनापतीची खरी कसोटी असते, आणि मॉर्गन तिला उतरला.

याने चिडलेल्या कॉर्नवॉलिसने वेगाने पाठलाग करता यावा म्हणून स्वतःच्या फौजेचे सामान, तंबू आणि रमची पिंपेसुद्धा जाळून टाकली. दक्षिणेतला अमेरिकन सेनापती ग्रीन त्याला उत्तरेकडे ओढत गेला आणि डॅन नदी ओलांडून व्हर्जिनियात शिरला; होड्या त्याने आधीच गोळा करून ठेवल्या होत्या, त्यामुळे कॉर्नवॉलिस काठावर येऊन थांबला. कुमक मिळाल्यावर ग्रीन परतला आणि १५ मार्चला गिलफर्डला उभा राहिला. मैदान कॉर्नवॉलिसला मिळाले. पण त्याच्या सुमारे १९०० माणसांपैकी पाचशेहून अधिक मेली, जखमी झाली किंवा हरवली. रात्री पाऊस आला, तंबू तर जाळलेले होते. जखमी माणसे उघड्यावर भिजत पडली आणि त्यांतली कित्येक सकाळपर्यंत राहिली नाहीत. ही फौज पुढे कशाच्या बळावर लढणार होती? तो विल्मिंग्टनच्या किनाऱ्याकडे गेला, आणि तिथून व्हर्जिनियाला, म्हणजे यॉर्कटाउनला.

माझे उत्तर गिलफर्ड कोर्टहाउस. अमेरिकन ती लढाई हरले.

मावळतीर

पाइनवृक्ष, अप्रतिम प्रतिसाद. हा तर आपला गनिमी कावाच झाला की! शत्रूला आत ओढायचे, रसदीपासून तोडायचे आणि दमल्यावर गाठायचे.

तोफखाना

मावळतीर, साम्य आहे, पण थोडे जपून. दक्षिणेतला अमेरिकन छापेमार फ्रान्सिस मॅरियन याच्या दलदलीतल्या छाप्यांना गनिमी कावा म्हणता येईल. काउपेन्स आणि गिलफर्ड या मात्र समोरासमोर मांडलेल्या लढाया होत्या आणि त्यांचा कणा होता शिस्तीत तयार झालेली कॉन्टिनेन्टल सेना, म्हणजे काँग्रेसची नियमित फौज. ती शिस्त १७७७-७८ च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जच्या छावणीत प्रशियन अधिकारी फॉन श्टॉयबेनने लावली. त्या छावणीत सुमारे दोन हजार माणसे रोगराईने मेली, आणि जी उरली ती जूनमध्ये मॉन्मथला उघड्या मैदानात इंग्रजांसमोर ठाम उभी राहिली. जंगलात लपून गोळ्या घालणाऱ्या शेतकऱ्यांनी साम्राज्य हरवले, ही कथा ऐकायला गोड आहे, पण ती अर्धीच खरी आहे. छापेमार आणि नियमित फौज अशी दोन्ही हत्यारे एकाच सेनापतीच्या हाती आली, म्हणून ग्रीन लढाया हरत गेला तरी वर्षअखेरीस दक्षिण त्याच्याकडे राहिली.

समुद्रपक्षी

जमिनीवरच्या सगळ्या लढाया एका बाजूला ठेवून ५ सप्टेंबर १७८१ चा विचार करावा, अशी विनंती आहे. त्या दिवशी चेसापीक उपसागराच्या तोंडाशी फ्रेंच ॲडमिरल द ग्रासची २४ आणि ब्रिटिश ॲडमिरल ग्रेव्ह्जची १९ जहाजे समोरासमोर आली. लढाई काही तासांची, त्यात एकही जहाज जागीच बुडाले नाही आणि त्या पाण्यात एकही अमेरिकन जहाज नव्हते. पण नंतरचे काही दिवस दोन्ही आरमारे समुद्रात एकमेकांवर नजर ठेवून सरकत राहिली. तेवढ्यात न्यूपोर्टहून दुसरे फ्रेंच आरमार वेढ्याच्या जड तोफा घेऊन उपसागरात शिरले, द ग्रासही परतला आणि ग्रेव्ह्जला न्यूयॉर्कला माघारी जावे लागले. त्या क्षणी कॉर्नवॉलिसचे दार बंद झाले.

त्याच वेळी वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशाँबो न्यूयॉर्कजवळून दक्षिणेकडे निघाले होते. आपण न्यूयॉर्कवरच हल्ला करणार, असे क्लिंटनला वाटत राहावे म्हणून त्यांनी न्यू जर्सीत पाव भाजण्याच्या मोठ्या भट्ट्या बांधल्या. जी फौज भट्ट्या बांधते ती इथेच राहणार, असा समज होणे साहजिक होते. क्लिंटनला खरा प्रकार कळला तेव्हा उशीर झाला होता. त्याची कुमक न्यूयॉर्कहून निघाली, तो दिवस होता १९ ऑक्टोबर, कॉर्नवॉलिसच्या शरणागतीचा.

तोफखाना

समुद्रपक्षी यांनी वेढ्याच्या तोफांचा उल्लेख केलाच आहे, म्हणून यॉर्कटाउनविषयी. तो वेढा पुस्तकी शिस्तीने झाला. ६ ऑक्टोबरच्या रात्री पहिली समांतर खंदकरेषा, ९ तारखेला तोफा सुरू, ११ ला आणखी पुढची दुसरी रेषा. ती पुरी करण्याच्या आड दोन बुरूज येत होते. १४ च्या रात्री एक फ्रेंचांनी आणि एक अलेक्झांडर हॅमिल्टनच्या तुकडीने घेतला. चुकून बार उडून शत्रू सावध होऊ नये म्हणून हॅमिल्टनच्या माणसांना बंदुका न भरता केवळ संगिनींनी जायला सांगितले होते. दहाएक मिनिटांत काम झाले. १६ च्या रात्री कॉर्नवॉलिसने नदी ओलांडून निसटण्याचा प्रयत्न केला, तो वादळाने मोडला. पाच वर्षांपूर्वी लाँग आयलंडवर धुक्याने वॉशिंग्टनला साथ दिली होती, इथे हवेने कॉर्नवॉलिसला दगा दिला.

शरणागतीच्या वेळी कॉर्नवॉलिस प्रकृतीचे कारण सांगून आला नाही, त्याने दुय्यम अधिकारी ओहाराला पाठवले. वॉशिंग्टनने त्याला आपल्या दुय्यमाकडे, म्हणजे लिंकनकडे वळवले. चार्ल्सटनला मानाने शरण येण्याची मुभा ज्याला नाकारली गेली होती, तोच हा लिंकन.

इतिहासवेडी

समुद्रपक्षी आणि तोफखाना काका, दोघांचेही प्रतिसाद माझ्याच बाजूचे आहेत, असे मी नम्रपणे म्हणेन. द ग्रासचे आरमार तिथे का होते? फ्रान्स युद्धात होता म्हणून. यॉर्कटाउनच्या वेढ्यात जमिनीवर फ्रेंच सैनिक जवळजवळ अमेरिकनांइतकेच होते. आणि ज्या दिवशी यॉर्कटाउनच्या तटावर ब्रिटिश ढोलवाला बोलणी मागायला उभा राहिला, तो दिवस १७ ऑक्टोबर होता. बर्गॉइनच्या शरणागतीला त्या दिवशी चार वर्षे पूर्ण झाली.

पाइनवृक्ष

पण फ्रान्स सॅराटोगाच्या आधीपासून मदत करत होता. फ्रेंच नाटककार ब्यूमार्शेने उघडलेल्या बनावट व्यापारी कंपनीमार्फत बंदुका, दारू आणि कपडे १७७७ मध्येच येऊ लागले होते, आणि बर्गॉइनवर उडालेल्या बारांत फ्रेंच दारूचा मोठा वाटा होता. तेव्हा सॅराटोगामुळे फ्रान्स आला, हे जितके खरे, तितकेच फ्रान्समुळे सॅराटोगा झाले, हेही खरे. शिवाय सप्तवार्षिक युद्धातल्या पराभवाचे उट्टे काढण्यासाठी फ्रान्स संधी शोधतच होता.

मावळतीर

या युद्धाची एक बाजू आपल्या मुलखाशी थेट जोडलेली आहे, म्हणून लिहितो. विषयांतर वाटल्यास संपादकांनी सांगावे.

१७७७ साली सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्याला नाना फडणवीसांच्या भेटीला आला आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. फ्रेंच पश्चिम किनाऱ्यावर पाय रोवतील, या भीतीने त्यांनी राघोबादादांना गादीवर बसवण्याची घाई अधिकच केली. १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईची फौज घाट चढली. पुढचे आपल्याला ठाऊक आहे: वाटेतला मुलूख उजाड केलेला, तळेगाव रिकामे, कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट म्हणजे आपला इष्टुर फाकडा पडलेला. माघार घेताना त्यांनी जड तोफा तळ्यात टाकल्या, आणि जानेवारी १७७९ मध्ये महादजी शिंद्यांनी वडगावला त्यांना करार करायला लावला. बर्गॉइन शरण आला त्याला तेव्हा सव्वा वर्षच झाले होते. एकाच साम्राज्याच्या दोन फौजा, जगाच्या दोन टोकांना, रसद तुटून अशा अडकल्या. वडगावचा करार गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने पुढे मानला नाही, हा फरक आहेच.

पुढच्या वर्षी हैदरअलीने पोल्लिलूरला इंग्रजांची तुकडी बुडवली. त्याची कीर्ती एवढी पोहोचली की पेनसिल्वेनियाच्या एका लढाऊ जहाजाला त्याचे नाव दिले गेले, आणि एप्रिल १७८२ मध्ये त्याच 'हैदर अली'ने डेलावेअरच्या उपसागरात 'जनरल मंक' हे ब्रिटिश जहाज पकडले. अमेरिकेमुळे फ्रान्स, फ्रान्समुळे स्पेन आणि हॉलंड, आणि इकडे मराठे व म्हैसूर, अशा सगळ्या आघाड्या एकाच वेळी पेटल्या. मे १७८२ च्या सालबाईच्या तहाकडे या नजरेने पाहायला हवे. त्या युद्धातली एक अखेरची लढाई जून १७८३ मध्ये आपल्याकडे कडलूरला झाली. युरोपातल्या शांततेची बातमी आल्यावर ती थांबली.

आणि कॉर्नवॉलिस? तो १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन इकडेच आला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्याला त्याच्यासोबत हरिपंत फडके होते. १८०५ मध्ये तो गाझीपूरला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

जिज्ञासू_क

मावळतीर, हे विषयांतर मुळीच नाही. वडगावचा विजयस्तंभ हमरस्त्यावरून जाताना नेहमी दिसतो, पण त्याच सालात न्यूयॉर्क आणि सव्हाना इंग्रजांच्या हातात होते, असा विचार कधी मनात आला नव्हता.

ओवी

या धाग्यात एक गोष्ट यायलाच हवी. स्वातंत्र्य कोणाचे? १७७५ साली व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने बंडखोरांच्या गुलामांना राजाच्या बाजूने लढल्यास मुक्ती देऊ केली आणि पुढच्या वर्षांत हजारो गुलाम ब्रिटिश छावण्यांकडे पळाले. यॉर्कटाउनच्या वेढ्यात अन्न संपत आले तेव्हा कॉर्नवॉलिसने त्यांतल्या अनेकांना, देवीने आजारी असलेल्यांनासुद्धा, छावणीबाहेर काढले आणि ती माणसे दोन्ही फौजांच्या मधल्या रानात मरून पडली. उलट बाजूला जेम्स आर्मिस्टेड हा गुलाम अमेरिकन बाजूने लढणाऱ्या फ्रेंच सेनानी लाफायेतसाठी कॉर्नवॉलिसच्या छावणीत हेरगिरी करत होता. विजयानंतरही तो गुलामच राहिला. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने त्याला मुक्त केले ते १७८७ मध्ये.

सॅराटोगाच्याच मोहिमेतली ओरिस्कनीची लढाई घ्या. ६ ऑगस्ट १७७७ ला एका ओढ्यापाशी इरोक्वॉय या मूलनिवासी संघातले ओनायडा एका बाजूने आणि मोहॉक व सेनेका दुसऱ्या बाजूने लढले. पिढ्यान्‌पिढ्या एका संघात राहिलेली राष्ट्रे त्या दिवशी एकमेकांवर उठली. दोन वर्षांनी वॉशिंग्टनच्या आज्ञेने सलिव्हनच्या फौजेने इरोक्वॉय लोकांची गावे, मक्याची शेते आणि फळबागा जाळल्या. १७८३ च्या तहात त्यांच्या जमिनींविषयी एक शब्द नाही. निर्णायक कोणासाठी, हा प्रश्न मला म्हणून विचारावासा वाटतो. त्यांच्यासाठी सॅराटोगा किंवा यॉर्कटाउन नव्हे, ती जाळपोळ निर्णायक होती.

नदीकिनारी

ओवी, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले. आमच्या नदीकाठच्या देखाव्यात हे सांगितले जात नाही. होड्या वल्हवणाऱ्या मार्बलहेडच्या पलटणीत कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी खलाशीही होते, एवढेसुद्धा बहुतेक प्रेक्षकांना माहीत नसते.

इतिहासवेडी

सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे परत येते. ट्रेंटनने सेना वाचवली, गिलफर्डने कॉर्नवॉलिसची फौज झिजवली, चेसापीकने त्याची वाट बंद केली, हे मला मान्य आहे. तरी सॅराटोगावरचे माझे मत कायम आहे, आणि त्याचे कारण आता अधिक स्पष्टपणे मांडता येईल. फ्रान्सच्या १७७८ च्या तहानंतर इंग्रजांना अमेरिका हे दुय्यम रणांगण मानावे लागले. १७७८ मध्येच त्यांनी फिलाडेल्फिया सोडले आणि क्लिंटनच्या फौजेतून पाच हजार माणसे काढून वेस्ट इंडिजमधल्या सेंट लुसियाकडे पाठवली. साखरेची बेटे, जिब्राल्टर, खुद्द इंग्लंडचा किनारा आणि हिंदुस्थान हे सगळे एकाच वेळी राखायचे होते. दक्षिणेतली मोहीम अपुऱ्या माणसांनिशी आणि राजनिष्ठांच्या भरवशावर करावी लागली, ती याचमुळे. कॉर्नवॉलिसकडे गिलफर्डला १९०० च माणसे का होती, याचे उत्तर सॅराटोगात आहे.

पाइनवृक्ष

हा मुद्दा वजनदार आहे, मान्य. तरी माणसे कमी असणे आणि असलेली माणसे हरवणे यांत फरक आहे. चार्ल्सटन आणि कॅम्डेनही त्याच अपुऱ्या माणसांनी जिंकले होते. मी गिलफर्ड सोडत नाही.

तोफखाना

दोघांच्याही मतांत भर म्हणून एवढेच नोंदवतो. यॉर्कटाउननंतरही न्यूयॉर्क, चार्ल्सटन आणि सव्हाना इंग्रजांकडेच होते आणि त्यांची तिथली फौज वॉशिंग्टनच्या फौजेपेक्षा लहान नव्हती. राजा तिसरा जॉर्ज लढाई चालू ठेवायला तयार होता. हाउस ऑफ कॉमन्सने २७ फेब्रुवारी १७८२ च्या रात्री अमेरिकेतले चढाईचे युद्ध थांबवण्याचा ठराव संमत केला, तो अवघ्या १९ मतांच्या फरकाने. पुढच्या महिन्यात लॉर्ड नॉर्थचे मंत्रिमंडळ गेले. ३ सप्टेंबर १७८३ ला पॅरिसचा तह झाला आणि २५ नोव्हेंबरला शेवटची ब्रिटिश फौज न्यूयॉर्कमधून निघाली. तोवर दोन वर्षे वॉशिंग्टनला पगार थकलेली, कुरकुरणारी सेना हडसनकाठी एकत्र ठेवावी लागली. मार्च १७८३ मध्ये न्यूबर्गच्या छावणीत तर अधिकारीच काँग्रेसविरुद्ध उठण्याच्या बेतात होते. त्या छावणीवर कोणी सविस्तर लिहिणार असेल, तर स्वतंत्र धागा काढावा. माझ्याकडे लिहिण्यासारखे बरेच आहे.